दमण की दीव? खान्देशातून समुद्रावर निघणाऱ्यांसाठी

हाताशी दोन रात्री असतील तर दमण, चार असतील तर दीव. तीन रात्रींत दीव उरकायचा बेत करू नये, निम्मा वेळ प्रवासातच जातो. नावं जोडीनं घेतली जातात म्हणून ही दोन बंदरं शेजारी असतील असं पुष्कळांना वाटतं. प्रत्यक्षात दोहोंमध्ये खंबातचं आखात आहे. दमण वापीजवळ, दीव पार सौराष्ट्राच्या दक्षिण टोकाला उन्याजवळ.

दमणचा प्रवास सरळ आहे. भुसावळ, जळगाव, अमळनेर, नंदुरबार, कुठूनही ताप्ती लाइनची गाडी धरून सुरत, तिथून वापी सुमारे ९५ किलोमीटर आणि वापीहून रिक्षानं १२ किलोमीटर. तिकीट काढताना गाडी सुरतेपर्यंत जाते की उधन्यालाच संपते ते पाहा. दोन स्टेशनांत चार-पाच किलोमीटर आहेत, आणि पुढच्या गाडीसाठी अर्धाच तास ठेवला असेल तर ती हमखास हुकते. धुळ्याहून स्वतःच्या गाडीनं साक्री, कोंडाईबारी घाट, नवापूर, बारडोली असा रस्ता आहे. चाळीसगावकडच्यांना नाशिक-पेठ-कपराडा मार्गे वापी सोयीचं. पेठेकडचा घाट मात्र उजेडी उतरावा.

दीवला दोन वाटा. एक, सुरतेहून रेल्वेनं वेरावळ आणि पुढे रस्त्यानं ८५-९० किलोमीटर. दुसरी, सुरतेजवळच्या हजिऱ्याहून घोघ्याला जाणारी रो-रो बोट. ती गाडीसकट नेते, पाण्यावर साधारण चार तास लागतात आणि सुरत-भावनगर हा ३७० किलोमीटरचा वळसा वाचतो. स्वतःची गाडी असेल तर आमचा कौल बोटीला. समुद्र खवळला की फेरी रद्द होते, म्हणून परतीचा दिवस आणि कामावर हजर व्हायचा दिवस यांच्यात एक दिवस मोकळा हवा. शिवाय नकाशात नीट बघा: घोघा भावनगरजवळ आहे, घोघला दीवला लागून. घोघ्याला उतरल्यावर महुवा, राजुला, उना असा आणखी पाचेक तासांचा रस्ता उरतो.

आता समुद्र, आणि खरा फरक इथेच आहे. खंबातचं आखात आत निमुळतं होत जातं, त्यामुळे भरतीचं पाणी तिथे फार चढतं आणि ओहोटीला तितकंच मागे हटतं. दमण त्याच्या तोंडाशी आहे. देवका किनाऱ्यावर ओहोटीला पाणी लांब जातं, खाली काळा खडक आणि चिखल उघडा पडतो. भरतीत हेच खडक पाण्याखाली दडतात, म्हणून देवक्याला पोहू नये. जांपोरला वाळू अधिक, सुरूची झाडं, पोरांना खेळायला बरं. पाणी मात्र तिथेही गढूळच. आपल्या तापीचा गाळही याच आखातात येतो.

चांदण्यासाठी पौर्णिमा निवडणाऱ्यांची इथे निराशा होते. पौर्णिमा-अमावास्येला उधाणाची भरती भर दुपारी येते आणि सूर्यास्ताला पाणी दूर गेलेलं असतं. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती असते, चढउतार कमी, आणि संध्याकाळी पाणी काठाशी असतं. दमणसाठी पंचांग बघून तारीख ठरवा.

दीवला ही काळजी कमी. नागोआचा किनारा घोड्याच्या नालेसारखा, वाळू मऊ, उतार हळुवार, कडेला फांद्या फुटलेली होका ताडं. गर्दी नको असेल तर घोघला. त्या किनाऱ्याला २०२० मध्ये ब्लू फ्लॅग, म्हणजे स्वच्छ आणि सुरक्षित किनाऱ्याचं आंतरराष्ट्रीय मानांकन, मिळाला. पावसाळ्यात दोन्हीकडे पाण्यात उतरणं टाळा.

किल्ल्यांतही दीवच सरस. १५३५ पासून बांधलेला, तीन बाजूंनी समुद्र, तटावर तोफा, समोर खाडीत पाणीकोठा हा छोटा जलदुर्ग. अर्धा दिवस द्या, टोपी आणि पाणी बरोबर ठेवा. फुदमचं गंगेश्वर, नायडा गुहा, ९ डिसेंबर १९७१ ला बुडालेल्या खुकरी युद्धनौकेचं स्मारक आणि वणाकबाऱ्याची मासळीची जेट्टी एका दिवसात दुचाकीवर होतात. बेट बाराएक किलोमीटरच लांब आहे. दमणला मोटी दमणचा कोट, त्यातलं १६०३ चं बॉम जेझस चर्च आणि नदीपलीकडे नानी दमणच्या किल्ल्याखालचं मच्छीमारांचं बंदर, एवढं एका सकाळीत बघून होतं. तिथे शनिवार-रविवार सुरत-मुंबईची गर्दी असते, मंगळवार-बुधवार गाठा.

दीवच्या चौथ्या दिवशी सोमनाथ जोडता येतं. गीरचा बेत असेल तर १६ जून ते १५ ऑक्टोबर सफारी बंद असते, आणि परवाना आधीच काढावा लागतो.

दोन्हीकडे दारू मिळते, पण बाटली परतीच्या पिशवीत ठेवू नका. दोन्ही वाटा गुजरातमधून येतात आणि तिथे दारूबंदी आहे. नवापूर स्टेशनातून राज्याची हद्द जाते, तोवर गुजरातचा कायदा लागू. आणि हद्दीच्या या बाजूला महाराष्ट्रातही परराज्यातली दारू परवान्याशिवाय आणणं गुन्हाच आहे.