जुना प्रोजेक्ट कॉपी करावा की टेम्प्लेट बनवावं?

लातुरात वेबसाइट आडतवाल्याची असो की क्लासवाल्याची, लॉगिन, पासवर्ड रीसेट, पावतीची पीडीएफ दरवेळी तीच. जँगोत (पायथॉनमध्ये वेबसाइट बनवायचा तयार सांगाडा) दोन वाटा आहेत.

जुनं फोल्डर कॉपी केलं की १० मिनिटांत काम सुरू. पण क्लासच्या फीच्या पावतीवर सोयाबीनचा ‘कट्टे’ रकाना निघाला अन् माझी फजिती झाली. जुनी सीक्रेट की (साइट सुरक्षित ठेवणारी गुप्त किल्ली) तशीच राहते, ते तर त्याहून वाईट.

टेम्प्लेट, म्हणजे दरवेळी वापरायचा कोरा साचा, बनवायला दोन-तीन दिवस जातात. मग नवा प्रोजेक्ट सुरू करणाऱ्या ‘स्टार्टप्रोजेक्ट’ कमांडला ते दाखवायचं. जागा सोडलेली असली की प्रोजेक्टचं नाव अन् नवी की जँगोच भरतं. कस्टम यूजर मॉडेल (वापरणाऱ्यांच्या खात्याचा आपला स्वतःचा आराखडा) त्यात आधीच घाला; मायग्रेशन (डेटाबेसात तक्ते तयार होणं) झाल्यावर ते बदलणं म्हणजे डोक्याला ताप.

एकच गिऱ्हाईक असेल तर कॉपी चालेल. तिसऱ्यापासून मी टेम्प्लेटच धरलं.