वाऱ्यासाठी डिझाइन: कोडवर थांबायचं की पुढे जायचं?

उंच इमारतीचं काम हाती आलं की हा प्रश्न येतोच. वाऱ्याचा हिशोब नेहमीच्या कोडनुसार (बांधकामाच्या नियमसंहितेनुसार) करायचा, की वादळात इमारत कशी वागली पाहिजे हे आधी ठरवून?

कोडची वाट सरळ आहे. ठरलेला वेग घ्या, त्यावरून दाब काढा (वेग दुप्पट झाला की दाब चौपट) आणि त्याखाली सांगाडा लवचीक मर्यादेत ठेवा, म्हणजे वारा थांबला की तो मूळ आकारात परत आला पाहिजे. बुटक्या, साध्या आकाराच्या इमारतीला एवढं पुरतं. तिथे दुसऱ्या पद्धतीवर वेळ घालवू नका.

दुसरी वाट म्हणजे कामगिरीवर आधारित डिझाइन. त्यासाठी अमेरिकेतल्या सिव्हिल इंजिनिअर्सच्या संस्थेने, एएससीईने, 2019 मध्ये पूर्वमानक (पक्क्या मानकाआधीचा मार्गदर्शक दस्तऐवज) काढलं. यात प्रश्नच वेगळे. नेहमीच्या वाऱ्यात वरच्या मजल्यावरच्या माणसाला डोलणं जाणवेल का? मोठ्या वादळात इमारत वापरता येईल का? अतिदुर्मीळ वादळात काही निवडक भाग, उदाहरणार्थ शिअर वॉल (आडवा जोर पेलणाऱ्या भिंती) जोडणारे कपलिंग बीम, थोडे कायमचे वाकले तर चालतील का?

या शेवटच्या सवलतीत खरी मेख आहे. भूकंप मिनिटभरात संपतो आणि इमारत दोन्ही बाजूंना हलते. वादळ तासन्‌तास चालतं आणि बराच वेळ एकाच बाजूने, झोतामागून झोत रेटतं. तार एकदा वाकवली तर तुटत नाही, पुन्हा पुन्हा वाकवली की तुटते. म्हणून भूकंपाचे आडाखे जसेच्या तसे इथे लावू नयेत. विंड टनेल चाचणी (बोगद्यात वारा सोडून इमारतीच्या छोट्या प्रतिकृतीची परीक्षा), तासन्‌तासांच्या वादळाचं विश्लेषण आणि स्वतंत्र तज्ज्ञांकडून तपासणी, यातलं एक जरी जमणार नसेल तर कोडवरच राहा.

माझ्या मते या पद्धतीची मोठी कमाई बीममध्ये नाही, काचांमध्ये आहे. 1983 च्या अलिशिया चक्रीवादळात ह्यूस्टनचे टॉवर उभे राहिले, पण काचा फुटल्या; छतांवरची खडी उडून त्यांच्यावर आदळली होती. एक काच गेली की वारा आत घुसतो, छताला आणि उरलेल्या काचांना आतून ढकलतो, मागोमाग पाऊस येतो. सांगाडा शाबूत, इमारत निकामी. कोडमध्येही काचांवरचा दाब काढतातच. पण ‘वादळानंतर आत पाणी नको’ हे उद्दिष्ट लिहून घेतलं की काच, सील आणि छत यांना सांगाड्याइतकंच महत्त्व मिळतं.

डोलण्याचंही तसंच. बीम नुसता मजबूत करून ते थांबत नाही. ताठरपणा, वजन किंवा डॅम्पर (हेलकावे शोषून घेणारी यंत्रणा) लागतो. सडपातळ निवासी टॉवर असेल, किंवा वादळातही चालू राहावं लागणारं रुग्णालय असेल, तर मी दुसरी पद्धतच निवडेन, आणि तीही आकार पक्का व्हायच्या आधी. कोपरे गोल केले किंवा कापले तरी वाऱ्याचा जोर बराच उतरतो, आणि हा बदल फक्त तेव्हाच सहज करता येतो.