वाशीतला रिक्वायरमेंट डायग्रामचा वीकेंड वर्कशॉप, पैसे वसूल

मी रबाळे एमआयडीसीत कंट्रोल पॅनलचं काम करतो. आमच्या सगळ्या रिक्वायरमेंट्स, म्हणजे पॅनलने काय काय केलं पाहिजे त्याची यादी, एक्सेलमध्ये, आणि ज्याच्या त्याच्याकडे वेगळी फाइल. मागे एक पॅनल साइटवर पोचल्यावर कळलं की एक रिक्वायरमेंट कोणी टेस्टच केली नव्हती, रात्रभर झोप लागली नाही मला. मग वाशी स्टेशनजवळच्या एका क्लासमध्ये सिसएमएलचा (SysML, सिस्टिमचं डिझाइन डायग्राममधून मांडायची भाषा) दोन दिवसांचा वर्कशॉप केला, स्वतःच्या खिशातून.

सरांनी उदाहरण घेतलं सोसायटीच्या पाण्याच्या टाकीचं. वरची टाकी भरली की पंप आपोआप बंद झाला पाहिजे, ही एक रिक्वायरमेंट, तिचा एक चौकोन, आत आयडी आणि एक वाक्य, बस. तिच्यातून निघाली (म्हणजे डिराइव्ह झाली) दुसरी, टाकी भरल्याचं पंपाच्या पॅनलला कळलं पाहिजे. ही दुसरी सॅटिस्फाय (पूर्ण) करतो फ्लोट स्विच, म्हणजे पाण्याच्या पातळीवर चालणारा स्विच, आणि टाकी खरंच भरून बघायची टेस्ट पहिलीला व्हेरिफाय करते, म्हणजे ती पूर्ण झाली का ते तपासते. आता बाण काढा म्हणाले तर मी आणि अर्ध्या वर्गाने डिराइव्हचा बाण जुनीकडून नवीकडे काढला, म्हणजे उलटा. सर म्हणाले, लेकरू आईकडे बोट दाखवतं. नव्या रिक्वायरमेंटचा बाण मूळ रिक्वायरमेंटकडे, पार्टचा (इथे फ्लोट स्विचचा) बाण रिक्वायरमेंटकडे आणि टेस्टचाही तिकडेच. हे एकदा डोक्यात बसलं की ज्या चौकोनाकडे व्हेरिफायचा बाणच आलेला नाही तो लगेच डोळ्यात खुपतो. सोमवारी आमचीच शीट तशी मांडली तर ४६ पैकी ७ ला टेस्टच नाही!

सगळं एकाच पानावर काढू नका हेही त्यांनी नीट दाखवलं, ३०-४० चौकोन झाले की नुसतं जाळं दिसतं, त्यापेक्षा एका विषयाचा एक डायग्राम आणि बाकीचं त्याच मॉडेलमधून (टूलमध्ये साठवलेल्या त्याच माहितीतून) टेबल काढून बघायचं. सिसएमएलच्या ९ डायग्रामपैकी रिक्वायरमेंट आणि पॅरामेट्रिक (समीकरणं मांडणारा) हे दोनच यूएमएलमध्ये (UML, सॉफ्टवेअर डिझाइनची आधीपासूनची डायग्राम भाषा) नव्हते, बाकीचे तिथूनच आलेत, त्यामुळे यूएमएल येणाऱ्यांना सोपं जाईल.

तक्रार एकच. २०२५ मध्ये सिसएमएल व्ही२ (नवी आवृत्ती) मंजूर झालं, त्यात मॉडेल टेक्स्टमध्येही लिहिता येतं, पण त्याला मिळाली शेवटची १५ मिनिटं. निदान अर्धा दिवस पाहिजे होता.

जाणार असाल तर डायग्राम काढायचं टूल घरूनच लॅपटॉपवर टाकून न्या, आमचा पहिला तास इन्स्टॉल करण्यातच गेला. ठाण्याहून येणाऱ्यांनी वाशीची ट्रान्स-हार्बर लोकल पकडा, स्टेशनवरून चालत जाता येतं.