टीमक्स की मॉश? कनेक्शन तुटल्यावर मागे उरणाऱ्या प्रोसेसच्या निमित्ताने

वायफाय गेलं, एसएसएचची (दूरच्या सर्व्हरवर काम करायची सुरक्षित जोडणी) खिडकी गोठली. पुन्हा लॉगइन करून तीच फाईल विम या एडिटरमध्ये उघडली, तर समोर स्वॅप फाईलचा (उघड्या फाईलची तात्पुरती नोंद) इशारा आणि प्रोसेस आयडीपुढे ‘स्टिल रनिंग’. आपण बाहेर पडलो, पण आपलं भूत अजून आतच बसलंय.

तार तुटल्याचं सर्व्हरला कोणी कळवतच नाही, म्हणून हे होतं. लिनक्सचं टीसीपी कीपअलाइव्ह, म्हणजे जोडणी जिवंत आहे का ते तपासणारी सोय, मुळात 7200 सेकंद गप्प असतं, मग 75 सेकंदांच्या अंतराने 9 हाका मारतं. निवांत पडलेला शेल (कमांड घेणारा प्रोग्राम) त्यामुळे दोन तासांहून जास्त वेळ तसाच राहू शकतो. एसएसएच सर्व्हरच्या सेटिंगमध्ये क्लायंट-अलाइव्ह-इंटरव्हल 60 करा, म्हणजे सर्व्हर दर 60 सेकंदांनी विचारपूस करेल. उत्तर न येता किती वेळा विचारायचं, ते काउंट-मॅक्स मुळातच 3 असतं, म्हणजे तीनेक मिनिटांत सोक्षमोक्ष. हाताने काढायचं असेल तर ‘डब्ल्यू’ कमांडमध्ये आयडल वेळ बघा आणि त्या सेशनच्या एसएसएचडी (एसएसएचचा सर्व्हरवरचा भाग) प्रोसेसला किल करा. नुसत्या बॅश शेलला साधा किल देऊन उपयोग नाही, इंटरॅक्टिव्ह बॅश सिगटर्म या ‘बंद हो’ सिग्नलकडे ढुंकूनही बघत नाही.

पण सेशन गेलं की त्यातलं चालू कामही सिगहप या ‘जोडणी तुटली’ सिग्नलने जातं. ते वाचवायला काय वापरायचं, हा खरा प्रश्न. सिगहपकडे दुर्लक्ष करायला लावणारी नोहप कमांड रात्रभर चालणाऱ्या स्क्रिप्टला ठीक, पण त्यात परत शिरता येत नाही. सेशन सर्व्हरवर जिवंत ठेवणारं स्क्रीन 1987 पासून आहे. बोटांना सवय असेल तर बदलायचं कारण नाही, पण आरएचईएल (रेड हॅटचं लिनक्स) 8 पासून रेड हॅटनेच ते वगळलं, तेव्हा नव्याने शिकायला कोणाला सांगवत नाही. उरले टीमक्स (स्क्रीनचंच काम करणारं नवं साधन) आणि मॉश (तुटक नेटवर्कवरही टिकणारी लॉगइनची सोय).

मॉशचं कौतुक आधी, कारण ते खरंच देखणं काम आहे. एमआयटीतून 2012 मध्ये आलेलं हे साधन लॉगइनपुरतं एसएसएच वापरतं आणि पुढचा संवाद यूडीपीवरून (टीसीपीसारखी कायम जोडणी न लागणारी पद्धत) करतं. आयपी बदलला, लॅपटॉप झोपवून उठवला, तरी सेशन तिथल्या तिथे. पुण्याहून मुंबईला येताना घाटातल्या बोगद्यांत नेटवर्क जातं-येतं, तिथे मॉशवर टाइप करत राहता येतं. अक्षरं लगेच उमटतात, सर्व्हरचा दुजोरा मागाहून येतो. टीमक्स असल्या बाबतीत काहीच करत नाही, ते त्याचं कामच नाही.

मग माझं कुठे बिनसलं? लॅपटॉपच रीस्टार्ट झाला, की मॉशचा क्लायंट जातो आणि त्याच्याबरोबर त्या सेशनची किल्लीही. सर्व्हरवरचा मॉश-सर्व्हर मात्र वाट बघत राहतो, मुळात कितीही काळ. नव्याने लॉगइन केलं की तोच आपल्याला नम्रपणे कळवतो: तुमचं एक डिटॅच (सुटं) झालेलं मॉश सेशन इथे आहे, त्याचा प्रोसेस आयडी अमुक. छान! मग जोडून दे की. तर ते जमत नाही. सुरक्षेच्या दृष्टीने त्यांचं बरोबरच आहे, पण अर्धवट विम, उघडा डेटाबेस क्लायंट, चालू बिल्ड, सगळं जिवंत असतं, दिसत असतं, आणि आपल्या हातात फक्त किल. माझ्या कामाच्या मशीनवर रीस्टार्ट माझ्या मर्जीने होत नाहीत, त्यामुळे अशी सेशनं साचत गेली. एका एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलने नेटवर्क टाइमआउट लावता येतो, पण मग जोडून सुट्टी आली की हवं असलेलं सेशनही त्याच नियमाने जातं.

टीमक्सही भुतं सोडतं, नाही असं नाही. जुना अडकलेला क्लायंट यादीत दिसत राहतो, आणि जुन्या आवृत्त्यांत त्याच्या छोट्या खिडकीच्या मापाने आपली खिडकीही आक्रसते, बाजूला नुसते ठिपके. पण अटॅच करताना ‘मायनस डी’ दिलं की तो बाजूला होतो. जोडीला ‘मायनस एक्स’ दिलं तर त्या क्लायंटच्या मागच्या शेललाही सिगहप जातो. आणि काम जिथे होतं तिथेच, दुसऱ्या लॅपटॉपवरूनसुद्धा. बोच एकच: परत जोडल्यावर जुन्या पेनमध्ये (टीमक्सच्या खिडकीतला एक भाग) एसएसएच एजंटचा (लॉगइनच्या किल्ल्या सांभाळणारा प्रोग्राम) सॉकेट शिळा झालेला असतो आणि गिट पुश अडतं. त्या सॉकेटकडे नेणारी सिमलिंक (फाईलचा शॉर्टकट) करून ठेवली की सुटतं. मॉशमध्ये एजंट फॉरवर्डिंगच (लॅपटॉपवरचा एजंट सर्व्हरवरून वापरणं) नाही, म्हणून ही तक्रार मी फार ताणणार नाही.

दोन्ही एकत्र वापरणारे बरेच आहेत: मॉशच्या आत टीमक्स. सतत प्रवासात असाल आणि सर्व्हर तुमच्या ताब्यात असेल तर कदाचित तेच उत्तम. पण ज्या ग्राहकाचं काम करतो त्याच्या सर्व्हरवर यूडीपीची 60000 ते 61000 पोर्ट उघडून मागणं म्हणजे मेलामेली, तिकीट, मंजुरी; एसएसएचचं पोर्ट मात्र उघडं असतंच. शिवाय मॉश मागचा स्क्रोल ठेवत नाही, म्हणजे टीमक्स आलंच. मग नुसतं टीमक्सच का नको, असं मला तरी वाटतं.

टीमक्स घेतलंत तर पहिल्याच दिवशी लॉगइनडीच्या (लिनक्सवर लॉगइन सांभाळणारा सिस्टमडीचा भाग) सेटिंगमध्ये किल-यूजर-प्रोसेसेस, म्हणजे लॉगआउटनंतर आपल्या प्रोसेस मारायच्या का, ते बघून घ्या. 2016 च्या सिस्टमडी 230 मध्ये ते मुळातच ‘येस’ झालं आणि लॉगआउटबरोबर लोकांची टीमक्स सेशनंही जायला लागली. डेबियनने ते बंद ठेवलं. तुमच्याकडे चालू असेल तर ‘लॉगइनसीटीएल एनेबल-लिंगर’ (लॉगआउटनंतरही आपल्या प्रोसेस चालू ठेवायची मुभा) करून टीमक्स यूजर स्कोपमध्ये, म्हणजे लॉगइन सेशनपासून वेगळ्या गटात, सुरू करावं लागेल.