बंदरातील फेरीसाठी आवरण असलेली लीश: पट्टा भरवशाचा, अडकवण्याचा आकडा मात्र तपासून घ्यावा

बंदराच्या गावात कुत्र्याला रोज फिरवणाऱ्याने लीश निवडताना रंग आणि मऊपणा यांच्याआधी खारे पाणी आणि धक्क्याची कड यांचा विचार करायला हवा. बागेत किंवा गल्लीत वर्षानुवर्षे टिकणारी लीश समुद्राच्या कडेला फार लवकर थकते. तिचे कापड कडक होते, तिला वास धरतो आणि सर्वांत आधी तिचा धातू जातो. मी ज्या लीशचे परीक्षण येथे करत आहे ती पॉलिएस्टरच्या घट्ट विणलेल्या पट्टीवर पीव्हीसीचे आवरण चढवून तयार केलेली, १६ मिलिमीटर रुंद आणि ३ मीटर लांब आहे. तिच्या दोन्ही टोकांना खटक्याचे आकडे (हुक) आहेत आणि मध्ये ठरावीक अंतरावर कड्या बसवलेल्या आहेत, त्यामुळे एक टोक हव्या त्या कडीत अडकवून लांबी कमी करता येते. माझी कुत्री मध्यम बांध्याची, ओढीला जोरदार आणि वासामागे मान खाली घालून जाणारी आहे. धक्का, होड्या ओढण्याचा उतार, मासे उतरवण्याची जागा आणि पुळण असा आमचा नेहमीचा मार्ग आहे आणि या सर्व ठिकाणी ही लीश मी भरपूर वापरली आहे. पट्ट्याची शिफारस मी निःसंकोच करते, पण त्याच्यासोबत आलेल्या आकड्याची करू शकत नाही.

लांबी बदलण्याची सोय ही या लीशची मोठी जमेची बाजू आहे. बंदरातील फेरीत दर काही पावलांवर जमीन बदलते. धक्क्यावर कुत्रा आपल्या गुडघ्याजवळच हवा आणि तोही पाण्याच्या बाजूला नव्हे, तर जमिनीच्या बाजूला. धक्क्याला बांधलेल्या होडीचे दोरखंड लाटेबरोबर सैल पडतात आणि पुढच्याच क्षणी ताणले जातात. जमिनीवर निवांत पडलेला दोर एकाएकी कुत्र्याच्या पोटाच्या उंचीवर येऊ शकतो, आणि होडीचा कठडा व धक्क्याची भिंत यांच्यामधली फट लाटेबरोबर उघडते आणि मिटते. अशा जागी लांब लीश सोडून चालणे धोक्याचे आहे. पुळणीवर मात्र तीच लीश पूर्ण सोडता आली पाहिजे, नाहीतर कुत्र्याला फिरण्याचा आनंद कसला मिळणार? एका हाताने आकडा काढून दुसऱ्या कडीत अडकवणे सरावाने सहज जमते आणि त्यासाठी थांबावे लागत नाही. लीशचे दुसरे टोक धक्क्यावरच्या खुंटाला किंवा भिंतीतल्या लोखंडी कडीला अडकवून कुत्र्याला उभे करण्याचा मोह होतो, पण तो टाळावा. तो खुंट होडी बांधण्यासाठी असतो आणि वरून फेकलेल्या दोराचा फास कुत्र्याला पाहून थांबत नाही.

होड्या ओढण्याचा उतार ही मला संपूर्ण मार्गातली सर्वांत कठीण जागा वाटते. भरतीचे पाणी जेथपर्यंत येते तेथपर्यंत त्याच्यावर हिरवे शेवाळ असते आणि ती रेषा डोळ्यांना स्पष्ट दिसते. रेषेच्या खाली कुत्र्याचे चार पाय एकदम घसरू शकतात आणि त्याच्यामागे आपलेही. येथे लीश आखूड हवी, पण तिची पकड चांगली हवी, आणि याच बाबतीत या लीशला माझे गुण कमी पडतात. तिचे आवरण गुळगुळीत आहे. कोरड्या हाताला ते सुखद लागते, पण हात आणि पट्टा दोन्ही ओले असतील, त्यावर माशांचा बुळबुळीतपणा असेल, तर ते हातातून सरकते. टोकाचा आकडा कडीत अडकवून हातासाठी फास करता येत असल्यामुळे लीश पूर्ण निसटत नाही, मात्र मधल्या भागावर पकड ठेवावी लागते तेव्हा अडचण येते. याच प्रकारच्या पट्ट्या खडबडीत पोताच्या आवरणातही मिळतात, आणि बंदरासाठी नव्याने घेणाऱ्याने तसाच पोत निवडावा. रुंदीच्या बाबतीत १६ मिलिमीटर मला योग्य वाटते. त्याहून अरुंद पट्टा जोराच्या ओढीला हाताच्या कातडीत रुततो, आणि २५ मिलिमीटरचा पट्टा या लांबीत इतका जड होतो की लहान कुत्र्याच्या गळपट्ट्यावर त्याचा भार सतत राहतो.

आता खाऱ्या पाण्याविषयी. एक लिटर समुद्राच्या पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. नायलॉनची विणलेली लीश पाणी पिते, भिजल्यावर तिची ताकद काहीशी कमी होते आणि वाळल्यावर तिच्या धाग्यांमध्ये मिठाचे बारीक स्फटिक राहतात, जे प्रत्येक वळणाला धागे घासत राहतात. हातालाही ती लीश मग खरखरीत लागते. पॉलिएस्टरचा धागा स्वतः फारच कमी पाणी शोषतो, मात्र विणीच्या पोकळ्यांत पाणी साचतेच, आणि आवरणाचे काम ते पाणी बाहेर ठेवण्याचे आहे. ते काम या पट्ट्याने चोख केले आहे. मासे उतरवण्याच्या जागेवरून, म्हणजे वितळलेला बर्फ, रक्त आणि खवले यांच्यातून ओढली गेलेली लीश घरी आल्यावर गोड्या पाण्याखाली धरून फडक्याने पुसली की तिला वास राहत नाही. नायलॉनच्या लीशला तो वास साबणानेही सुटत नाही आणि बंद खोलीत तो सोसवत नाही. खडकांवर चिकटलेले डांबराचे गोळे किंवा इंजिनाचे तेल लागले तर कोमट पाणी आणि साबण पुरतो. रॉकेल, पेट्रोल किंवा थिनर मात्र वापरू नये, कारण पीव्हीसीला मऊ ठेवणारी द्रव्ये त्यात विरघळतात आणि आवरण कडक होऊन तडकते.

गळाच्या बाबतीतही आवरणाचा उपयोग होतो. धक्क्यावर गळ टाकून बसणाऱ्यांच्या आसपास तुटलेली तंगूस आणि तिला लटकलेले गळ पडलेले असतात. कापडी लीशमध्ये गळाचे उलटे टोक अडकले की कापड कापल्याशिवाय ते निघत नाही; या पट्ट्यावरून गळ बहुतेक वेळा घसरून जातो. टोक आरपार गेले तर मात्र त्या छिद्रातून पाणी आतल्या विणीत शिरते आणि बाहेरून काही न दिसता आत मुरत राहते. खडकावर चिकटलेल्या कालवांच्या धारदार कडांनीही असेच छेद पडतात. म्हणून आठवड्यातून एकदा पूर्ण पट्टा बोटांमधून सरकवत पाहणे आवश्यक आहे. आवरण फाटून आतले पांढरे धागे दिसू लागले, तर तो भाग कापून लीश आखूड करावी, चिकटपट्टी लावून वेळ मारून नेऊ नये.

आकड्याविषयी मात्र मला सविस्तर लिहायचे आहे, कारण कुत्रा पळून जाण्याचा किंवा धक्क्यावरून पडण्याचा प्रसंग पट्टा तुटून क्वचित येतो. तो बहुधा आकडा सुटून येतो. या लीशसोबत आलेले दोन्ही आकडे चकचकीत मुलामा दिलेले होते. काही आठवड्यांतच खाचांमध्ये पांढरी भुकटी दिसू लागली, म्हणजे आतला धातू जस्ताचा मिश्रधातू होता आणि मुलाम्याला बारीक तडा जाताच मीठ आत पोहोचले होते. पांढऱ्या भुकटीहून गंभीर गोष्ट स्प्रिंगची होती. आकड्याच्या आत दडलेली छोटी स्प्रिंग साध्या पोलादाची होती, ती गंजली आणि खटका पूर्ण मागे जाईनासा झाला. असा आकडा दुरून बंद दिसतो, पण कुत्र्याने अंग झाडले किंवा कडी वाकडी फिरली की तो उघडतो. प्रत्येक फेरीला निघताना खटका दाबून तो आपसूक, आवाज करत परत येतो की नाही हे मी तपासते, आणि ही सवय सर्वांनी लावून घ्यावी.

स्टेनलेस हा शब्द वाचून निर्धास्त होण्यातही अर्थ नाही. सर्वत्र मिळणाऱ्या ३०४ प्रतीच्या पोलादात क्रोमियम आणि निकेल असते, पण समुद्राच्या पाण्यातील क्लोराइड त्याच्या पृष्ठभागावर सुईच्या टोकाएवढे खड्डे पाडते. ३१६ प्रतीमध्ये २ ते ३ टक्के मॉलिब्डेनम असल्यामुळे ती त्याला अधिक चांगले तोंड देते, म्हणूनच होड्यांवरच्या सामानात ती प्रत वापरतात. तीसुद्धा अमर नाही. जेथे पट्टा आकड्याच्या डोळ्याभोवती घट्ट दुमडलेला असतो तेथे खारे पाणी साचून राहते, हवा पोहोचत नाही, आणि गंज नेमका तेथून सुरू होतो. चुंबक लावून स्टेनलेस ओळखण्याचा उपायही अपुरा आहे, कारण या प्रतींच्या स्टेनलेसप्रमाणेच पितळ आणि जस्ताचा मिश्रधातू या दोघांनाही चुंबक धरत नाही. भरीव पितळेचा आकडा हा दुसरा चांगला पर्याय आहे. तो काळवंडतो, हिरवट होतो, पण सहसा अचानक दगा देत नाही. मात्र त्याच्याही आतली स्प्रिंग कशाची आहे हे विचारून घ्यावे. आणखी एक बाब अनेकांच्या लक्षात येत नाही: दोन वेगळे धातू खाऱ्या पाण्यात एकमेकांना टेकले की त्यांच्यात विद्युतघट तयार होतो आणि त्यातला दुबळा धातू झिजतो. पितळेचा आकडा जस्ताच्या मिश्रधातूच्या कडीत रोज ओला राहिला तर झीज कडीची होते. म्हणून आकडा बदलताना गळपट्ट्याची किंवा हार्नेसची (छाती-पाठीभोवती बांधायच्या पट्ट्यांची) कडीही पाहावी.

या लीशची रचना येथे मदतीला आली. तिचे आकडे शिवलेले नसून स्क्रूच्या जोडीने बसवलेले आहेत. त्यामुळे होड्यांच्या सामानातले ३१६ प्रतीचे आकडे आणून मी ते स्वतः बदलू शकले, आणि तेव्हापासून धातूची तक्रार उरलेली नाही. स्क्रू सैल होऊ नयेत म्हणून त्यांच्या आट्यांना घट्ट धरणाऱ्या द्रवाचा एक थेंब लावला. शिवलेल्या किंवा रिव्हेट केलेल्या लीशमध्ये आकडा खराब झाला की पूर्ण लीश टाकून द्यावी लागते, आणि उत्तम स्थितीतला पट्टा केवळ आकड्यापायी फेकून देणे मला पटत नाही.

लीश कशाला जोडलेली आहे हेही या परीक्षणाचाच भाग मानावा लागेल. धक्क्याच्या भिंती उभ्या असतात. पाण्यात पडलेला कुत्रा पोहू शकला तरी त्याला स्वतःहून वर चढता येत नाही, आणि गळपट्ट्याला अडकवलेल्या लीशने त्याला वर ओढणे म्हणजे त्याचा गळा आवळणे होय. म्हणून बंदरात लीश हार्नेसच्या पाठीवरच्या कडीलाच जोडावी. जो कुत्रा पाण्याकडे फार ओढतो, म्हातारा आहे किंवा ज्याचे अंग जड आहे, त्याला पाठीवर मजबूत मूठ असलेले जीवरक्षक जाकीट घालावे. ही लीश पाण्यावर तरंगत नाही, ती बुडते. पोहायला सोडलेल्या कुत्र्याच्या मागे ती तळाशी जाऊन खडकात किंवा नांगराच्या साखळीत अडकू शकते, त्यामुळे पोहताना ती काढूनच घ्यावी. पोहण्यासाठी लांब दोर हवाच असेल तर पॉलिप्रॉपिलीनचा घ्यावा, तो पाण्यावर तरंगतो.

आपोआप गुंडाळल्या जाणाऱ्या लीशशी हिची तुलना वारंवार केली जाते. बंदरासाठी तिचा विचारही करू नये. तिच्या पेटीत वाळू जाते, आतली स्प्रिंग गंजते, आणि तिचा बारीक दोर ओझे घेऊन घाईने चालणाऱ्या माणसाला दिसत नाही. शिवाय तिच्यावर चालणारा कुत्रा आपल्यापासून इतका दूर असतो की तो तोंडात काय घेतो हे कळेपर्यंत उशीर झालेला असतो. धक्क्यावर तर तोंडात घेण्यासारखे पुष्कळ असते: आमिष लावलेले गळ, मेल्यावरही दंश करू शकणारे जेलीफिश, जाळ्यातून निवडून फेकलेले केंडमासे. केंडमाशातल्या टेट्रोडोटॉक्सिन या विषावर उतारा नाही. होड्यांच्या दुरुस्तीच्या जागेत इंजिन थंड ठेवणारा द्रव सांडलेला असतो. त्यातले इथिलीन ग्लायकोल चवीला गोड असते आणि थोड्या प्रमाणातही कुत्र्याची मूत्रपिंडे निकामी करते. तेथेच होडीच्या तळावरून खरवडलेल्या रंगाचे पापुद्रे पडतात. ट्रायब्युटिलटिन, म्हणजे तळावर शेवाळ आणि शिंपले चिकटू नयेत म्हणून घातले जाणारे विषारी संयुग, असलेल्या रंगांवर २००८ पासून आंतरराष्ट्रीय बंदी लागू झाली असली, तरी आजच्या बहुतेक रंगांत तांब्याची संयुगे असतात आणि पाय चाटणाऱ्या कुत्र्याच्या पोटात ती जाऊ नयेत. या जागेतून जाताना मी लीश सर्वांत जवळच्या कडीत अडकवते आणि न थांबता पुढे जाते.

देखभाल फारशी नाही. गोड्या पाण्याने धुणे, सावलीत सरळ टांगून वाळवणे आणि खटक्यात अधूनमधून सिलिकॉन ग्रीसचा ठिपका, एवढे पुरते. थंडीत पट्टा ताठर होतो आणि गाठ नीट बसत नाही, उन्हात तो पुन्हा मऊ होतो. कडक थंडीच्या प्रदेशात राहणाऱ्यांनी पीव्हीसीऐवजी टीपीयूचे (थंडीतही लवचीक राहणाऱ्या प्लास्टिकचे) आवरण निवडल्यास हा त्रास कमी होईल.

उत्पादकांकडून माझी अपेक्षा दोन गोष्टींची आहे. त्यांनी आकड्यावर धातूची प्रत कोरून द्यावी आणि स्प्रिंग कोणत्या धातूची आहे ते लिहावे. तसेच पट्टा आकड्याशिवाय, नुसत्या स्क्रूसह, विकत घेण्याची सोय ठेवावी. सध्या तरी समुद्राजवळ राहणाऱ्याने ही लीश घेताना तिच्यासोबतच ३१६ प्रतीचे किंवा भरीव पितळेचे दोन आकडे मागवावेत आणि पहिल्या फेरीच्या आधीच ते बसवून घ्यावेत.