डोळ्यांच्या थरथरीवर गॅबापेंटिन की मेमँटिन?

एमएसमुळे (मल्टिपल स्क्लेरोसिस, मेंदू आणि मज्जारज्जूतल्या नसांचं आवरण खराब करणारा आजार) बुबुळं लंबकासारखी हलू लागली, छापील ओळ जागेवर ठरेना, की न्यूरॉलॉजिस्ट बहुतेक वेळा या दोनांतलं एक लिहून देतात. थरथर सहसा पूर्ण थांबत नाही, कमी होते, आणि त्या बाबतीत दोघांत फार डावं-उजवं करता येत नाही. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन चाचणीत दहा रुग्णांना दोन्ही औषधं आळीपाळीने दिली होती: गॅबापेंटिन दिवसाला १२०० मिग्रॅ, मेमँटिन ४० मिग्रॅ. नजर दोन्हींनी सुधारली.

खरा फरक कळतो तो औषध मानवलं नाही तर. मेमँटिनचं रक्तातलं प्रमाण निम्मं व्हायलाच ६० ते ८० तास लागतात, म्हणजे गोळी बंद केली तरी ते अंगातून जायला जवळजवळ पंधरवडा. त्यात एमएसमध्ये मोठ्या डोसला पाय जड पडणं, तोल जाणं वाढू शकतं. ३० मिग्रॅपर्यंत जाणारी स्पेनमधली एक चाचणी याच कारणाने मध्येच थांबवावी लागली. हा औषधाचा परिणाम की आजाराचा नवा अटॅक, याचा उलगडा लवकर होत नाही. मला सगळ्यांत जाचलं ते हेच. गॅबापेंटिन ५ ते ७ तासांत निम्मं होतं, त्यामुळे डोस एक पायरी खाली आणला की दोन-तीन दिवसांत उत्तर मिळतं.

गॅबापेंटिनचे त्रासही आहेतच. झोप येते, वजन वाढतं, डोस चढला की चाल डगमगते, आणि कॅप्सूल दिवसातून तीनदा घ्यावी लागते. रात्री ३०० मिग्रॅने सुरुवात करून तीन-चार दिवसांनी एकेक कॅप्सूल वाढवली तर गुंगी सोसवते. अ‍ॅसिडिटीचं अ‍ॅल्युमिनियम-मॅग्नेशियमवालं औषध आणि कॅप्सूल यांत दोन तासांचं अंतर ठेवा, नाहीतर ती नीट शोषली जात नाही. एकदम बंद करू नका. दोन्ही औषधं मूत्रपिंडावाटे बाहेर पडतात, तेव्हा आधी क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम दाखवणारी रक्ततपासणी) पाहून घ्या.

पारखताना एका वेळी एकच औषध. तोच तक्ता, तोच चष्मा, तोच दिवा. एकदा सकाळच्या कॅप्सूलआधी आणि एकदा तीन तासांनी कुठल्या ओळीपर्यंत वाचता येतं ते लिहून ठेवा.

ब्रेनस्टेममधल्या (मेंदूच्या खालच्या देठातल्या) स्ट्रोकनंतर डोळ्यांबरोबर तोंडातली टाळूही फडफडत असेल, तर परिणाम औषधाचा की एमएसच्या अटॅकचा, ही अडचण नसते. तिथे मेमँटिन आधी घेऊन पाहायला माझी हरकत नाही.