हातावर वाढवलेलं पिल्लू आणावं की दुसऱ्या घरचा मोठा पक्षी?

परभणीत आमच्या ओळखीत कुणी पक्षी पाळायचं मनावर घेतलं की फोन मला येतो आणि प्रश्न ठरलेला असतो: पिल्लू आणू की मोठा? मी दोन्ही आणून पाहिले आहेत. पिल्लू नवव्या दिवशी गेलं. मोठा आला त्याला आता चौथं वर्ष चालू आहे.

त्याआधी एक विषय बाजूला काढते. गळ्याला कंठ असलेला आपला हिरवा राघू कुणी टोपलीत झाकून आणून दिला तरी घेऊ नका. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार तो पाळणं गुन्हा आहे आणि ‘आमच्याकडं आजोबांपासून आहे’ हे उत्तर तिथं चालत नाही. जखमी सापडला तर वन विभागाच्या 1926 या क्रमांकावर फोन करा. मी बोलतेय ते दोन पक्ष्यांबद्दल. एक कॉकाटिएल, ज्याला बाजारात ‘कॉकटेल’ म्हणतात. दुसरा बजरीगर, ज्याला आपल्याकडं सर्रास ‘लव्हबर्ड’ म्हणून विकतात. दोन्ही मूळचे ऑस्ट्रेलियातले. खरा लव्हबर्ड आफ्रिकेतला, आखूड शेपटीचा आणि चावायला जरा तिखट.

दोघांत नवख्या माणसाला कॉकाटिएल सोपा जातो, आणि त्याचं कारण आहे त्याचा तुरा. तुरा ताठ उभा राहिला म्हणजे तो दचकलाय. मागं चप्प बसवून फिस्स केलं तर हात मागं घ्या. अर्धवट सैल पडला असेल तर स्वारी निवांत आहे. बजरीगर 30-40 ग्रॅमचा चपळ जीव, बिथरला की पिंजराभर भिरभिरतो आणि त्याच्या मनातलं ओळखायला डोळा तयार व्हावा लागतो. पण आयुष्याचाही विचार करा. बजरीगर साधारण 5 ते 10 वर्षं जगतो, कॉकाटिएल 15 ते 20. सातवीतल्या मुलीच्या हट्टापायी आणलात तर तिच्या लग्नानंतरही तो तुमच्याच घरी असेल. शिवाय कॉकाटिएलच्या पिसांतून पांढरी भुकटी झडते, घरात दम्याचं माणूस असेल तर तो नकोच.

आता मूळ प्रश्न.

दुकानदार म्हणतो, “हातावर वाढवलंय, आजच खांद्यावर बसेल.” ते खरं असतं. त्याला माणसाच्या हाताची भीती ठाऊकच नसते. पण कॉकाटिएलचं पिल्लू स्वतः दाणे सोलून पोटभर खायला लागेपर्यंत साधारण 8 ते 10 आठवडे जातात आणि पुष्कळ पिल्लं त्याआधीच विकली जातात, सोबत सिरिंज आणि भुकटीचं पाकीट देऊन. त्या भुकटीची पाण्यात कालवलेली पेज 39 ते 41 अंश गरम लागते. फार गरम झाली तर गळ्याखालची अन्नपिशवी आतून भाजते, थंड राहिली तर तिथंच साचून आंबते. मला पाच आठवड्यांचं पिल्लू देताना “दोन वेळा भरवा, पुरे” एवढंच सांगितलं होतं. आठव्या दिवशी सकाळी पाहिलं तर रात्रीचा घास पिशवीत तसाच होता, बोटाला कणकेच्या गोळीसारखा लागत होता, चोचीला आंबूस वास येत होता. दुसऱ्या दिवशी ते गेलं. अर्धवट माहिती देऊन इतका लहान जीव विकणाऱ्याचा राग मला अजून येतो.

म्हणून पिल्लूच हवं असेल तर निदान दोन आठवडे आपल्या चोचीनं खाणारं घ्या आणि दुकानात उभं राहून ते खाताना बघा, दाणे नुसते चिवडताना नव्हे. बजरीगरचं वय कपाळावरून कळतं. कोवळ्या पिल्लाच्या कपाळावर पट्टे थेट चोचीपर्यंत असतात, तीन-चार महिन्यांनी पिसं झडली की कपाळ साफ होतं. पांढऱ्या-पिवळ्या रंगांत मात्र हे पट्टे दिसत नाहीत. आणखी एक गोष्ट कुणी सांगत नाही. पिल्लाचा हा लळा रोज हाताळलं तरच टिकतो. वर्षभरात पक्षी वयात येतो, हट्टी होतो, चावूनही बघतो. तेव्हा लोक म्हणतात, बिघडला. खरं तर तोवर घरच्यांचं रोजचं बसणं-बोलणंच बंद झालेलं असतं.

मोठा पक्षी याच्या अगदी उलट. आमचा राजा बदली होऊन गेलेल्या एका कुटुंबाकडून आला. पहिले तीन दिवस मी खोलीत असेपर्यंत त्यानं दाण्याला चोच लावली नाही. पिसं अंगाला चिकटवून, काडीसारखा बारीक होऊन लांबच्या कोपऱ्यात बसायचा. पिंजरा बैठकीत, दोन बाजूंना भिंत येईल असा, आपल्या डोळ्यांच्या उंचीवर ठेवला होता. चार हात लांब बसून मी त्याच्याकडं बघत राहायचे. सासूबाई म्हणाल्या, “कामून टक लावून बघू लागलीस? त्याला वाटतंय, मांजर बसलंय.” त्यांचं बरोबर होतं. शिकारी प्राणीच असा रोखून बघतो. दुसऱ्या दिवसापासून मी तिथंच, जराशी तिरकी बसून मेथी निवडायला लागले, भुईमुगाच्या शेंगा फोडायला लागले, त्याच्याशी पुटपुटत. अकराव्या दिवशी तो एक पाय पोटात घेऊन चोच करकर वाजवत बसला. माझ्यासमोर झोपेला आला होता. त्या दिवशी मला रडू आलं.

एकोणिसाव्या दिवशी त्यानं गजांतून राळ्याचं कणीस खाल्लं. मग मी रोज कणीस थोडं आखूड धरत गेले, शेवटी चोच बोटाला लागेपर्यंत. सहाव्या आठवड्यात पायांच्या जरा वर, पोटाशी बोट टेकवून “ये” म्हटलं आणि तो चढला. रोज पाच-दहा मिनिटं, दोन वेळा, बस्स. मध्ये एकदा चावला तेव्हा हात झटकला नाही, ओरडलेही नाही, कारण झटकलं की चावल्यानं हात पळतो हे तो शिकतो.

काही जण हाच पल्ला दोन दिवसांत गाठायचा म्हणून हातमोजे घालून, फडक्यात पकडून ‘धीट’ करतात. असा पक्षी हातात गप्प बसतो, पण त्यानं फक्त धडपड सोडलेली असते. पिंजऱ्याचं दार उघडं ठेवून पाहा, तो तुमच्याकडं येणार नाही. पंख कापण्याचंही तसंच. पंख्यात सापडू नये म्हणून कापतो, असं म्हणतात. पक्षी बाहेर असताना पंखा बंद, हा नियम घरातल्या सगळ्यांना लावला की कापायची गरज उरत नाही.

इथं आपला उन्हाळा आडवा येतो. मे महिन्यात पारा 42 च्या वर आणि त्यात वीज गेलेली. नव्या पक्ष्यानं पंख अंगापासून दूर धरून चोच उघडी टाकली तर तो रुसला नाही, त्याला ऊन लागतंय. त्या महिन्यांत शिकवणं सकाळी सात वाजायच्या आत, कूलरचा झोत पिंजऱ्यावर थेट नको. जमलं तर पक्षी दिवाळीनंतर आणा. फटाके संपलेले असतात, आणि पुढं हुरड्याचे दिवस येतात. ज्वारीचं कोवळं कणीस हातातून देण्यासारखं दुसरं आमिष नाही. डासांची कॉइल, धूप आणि तापून धुरावलेला नॉनस्टिक तवा मात्र बाराही महिने त्याच्यापासून लांब. त्या तव्याच्या वाफेनं पक्षी मिनिटांत मरतो.

एक की जोडी? जोडी एकमेकांत रमते आणि तुमच्याकडं उशिरा वळते. तरी घर दहा ते सहा रिकामं राहत असेल तर दोनच आणा.

माझं मत विचाराल तर घरात दिवसा कुणी तरी असतं आणि दोन महिने थांबायची तयारी आहे, अशांनी मोठाच आणावा. मुलांना पहिल्याच आठवड्यात खांद्यावर हवा असेल तर स्वतः खाणारं पिल्लू, पण मग रोजचा अर्धा तास वर्षानुवर्षं द्यायचा.

मोठा आणताना पहिल्या घरी तासभर बसा. तो काय खातो, किती वाजता झोपतो, कशाला घाबरतो, कुणाच्या आवाजाला ओरडून उत्तर देतो, हे विचारून घ्या. नाव बदलू नका. पिंजरा, दांडी, वाटी जुनीच मागून आणा. घरी दुसरे पक्षी असतील तर महिनाभर वेगळ्या खोलीत ठेवा. पिसं फुगवून दिवसाही पेंगत असेल तर वाट न पाहता पशुवैद्यक गाठा. परभणीत आणि उदगीरला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, बाकीच्यांनी पक्षी पाहणारा डॉक्टर आणण्याआधीच शोधून ठेवा.